अर्ध्यावरचा काटा

जुनी गाडी घेताना आपण काय काय बघतो, आरसी बुक, इन्शुरन्स, पीयूसी, टायरमध्ये किती जीव उरलाय, खालून पत्रा गंजलाय का, इंजिन ऑइल कुठून ठिबकतंय का. पण एक गोष्ट फारसं कोणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही, ती म्हणजे ह्या गाडीचा पेट्रोलचा काटा कसा वागतो. माझं स्पष्ट मत आहे की हे आरसी बुकाइतकंच महत्त्वाचं आहे. कारण ज्याने ती गाडी इतकी वर्षं चालवली त्याच्या डोक्यात हे सगळं पक्कं बसलेलं असतं, कुठे काटा अडकतो, कुठून एकदम घसरतो, कुठे आला की खरंच थांबायची वेळ झाली, आणि व्यवहार होऊन किल्ली हातात पडली की ती माहिती त्या माणसाबरोबर निघून जाते. नव्या मालकाला ती पहिल्यापासून मिळवावी लागते, तेही बऱ्याचदा रस्त्याच्या कडेला उभं राहून.

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी सेकंडहँड घेतलेली, आता माझ्याकडे असते. मूळची इटलीची फियाट ११००, तीच कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची आणि १९७० च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, हे जुन्या गाड्यांचं वेड असलेल्यांना सांगायला नको. बाबांनी मला ती चालवायला दिली तेव्हा स्टिअरिंगजवळचा हँडगियर, चोक वगैरे सगळं नंतर, आधी काटा समजावला. म्हणाले, फुल्लवर आहे तोवर निश्चिंत राहा, अर्ध्यावर आला की पंप शोधायला लाग, आणि पाववर येईल तेव्हा तू पंपावरच असायला हवीस. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. आई कधी गाडी चालवायची नाही, पण शेजारच्या सीटवर बसून तिचं लक्ष काट्यावर असायचं, अर्ध्याच्या खाली गेला की म्हणायची, "अहो, भरून घ्या, पुढे पंप नाही."

गंमत म्हणजे आमच्याच गल्लीत आणखी एक पद्मिनी होती, आमचा काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवणारा तर तिचा बरोबर उलटा, रिकामा दाखवायचा आणि टाकीत चांगलं पेट्रोल असायचं. एकाच कारखान्यातल्या, जवळपास एकाच वयाच्या दोन गाड्या आणि दोघींच्या सवयी वेगळ्या. म्हणून नेटवर जो सल्ला फिरत असतो की अमुक मॉडेलचा काटा ई वर, म्हणजे एम्प्टीवर, आला तरी इतके किलोमीटर जातेच, तो मला धोक्याचा वाटतो. मॉडेलचं काही खरं नसतं, एकेका गाडीचं असतं.

ते असं का होतं हे एकदा डोक्यात बसलं की काट्यावरचा राग जातो, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉकचा फुगा असतो ना, पाणी चढलं की वर, उतरलं की खाली, तसाच एक फ्लोट पेट्रोलच्या टाकीत एका दांडीच्या टोकाला असतो. दांडीचं दुसरं टोक फिरतं आणि त्याला लावलेला बारीकसा कॉन्टॅक्ट बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतो. फ्लोट जिथे असेल त्याप्रमाणे सर्किटमधला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी-जास्त होतो, त्याप्रमाणे करंट, आणि त्याप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा. संपलं. म्हणजे टाकीत किती लिटर आहे हे ह्या सगळ्यात कोणी मोजतच नाही, मोजली जाते ती फक्त एका फ्लोटची उंची, आणि लिटर आपण आपल्या मनाने धरतो.

आता टाकी जर सरळ चौकोनी डबा असती तर उंची आणि लिटर एकमेकांबरोबर चालले असते. पण गाडीत टाकीला मिळते ती उरलेली जागा. कुठे डिफरन्शियल वाचवायचं, कुठे स्पेअर व्हीलला खोबण द्यायची, कुठे चासीचा पत्रा आडवा येतो, त्यामुळे टाकी वर रुंद खाली निमुळती, किंवा मध्येच खोलगट, अशी काहीतरी बनते. वरचा अर्धा भाग रुंद असेल तर त्यात पेट्रोल जास्त मावतं आणि काटा हळू उतरतो, खालचा निमुळता भाग आला की तेवढ्याच पेट्रोलला काटा झपाझप खाली येतो. शिवाय फ्लोटची दांडी टाकीच्या छताला टेकेपर्यंतच वर जाऊ शकते, त्याच्यावर भरलेलं पेट्रोल काट्याला दिसतच नाही. म्हणून तर टाकी फुल्ल केली की काटा कितीतरी वेळ फुल्लवरून हलत नाही, आपण खूश होतो की आज ॲव्हरेज छान देतेय, आणि मग अर्ध्याच्या पुढे तो धावत सुटतो. हे बिघाड नाहीत, नव्या कोऱ्या गाडीतही हे थोडंफार असतंच. खाली तर बनवणाऱ्यांनी मुद्दाम शिल्लक सोडलेली असते, ई ला काटा टेकला तरी टाकीत काही लिटर असावेत म्हणून. ही काळजी चांगली आहे, फक्त ती किती सोडलीय हे काटा सांगत नाही.

बिघाड त्याच्यावर चढतात, वयानुसार. त्या तारेच्या गुंडाळीवर कॉन्टॅक्ट सतत पुढे-मागे घासत असतो, कारण टाकीत पेट्रोल कधी स्थिर नसतं. जो माणूस नेहमी पाव ते अर्ध्याच्या मध्येच गाडी चालवतो, शंभराचं टाका, दोनशेचं टाका असं करत, त्याच्या गाडीत नेमका तेवढाच पट्टा घासून जातो, आणि मग काटा तिथे आला की मेल्यासारखा पडतो आणि थोडं पुढे गेलं की परत उठतो. म्हणजे आधीच्या मालकाचा खर्चाचा हिशोबसुद्धा त्या तारेवर उमटलेला असतो. मला ही गोष्ट फार हलवून जाते, खरंच. कोणीतरी महिनाअखेरीला थोडं थोडं पेट्रोल टाकत संसाराबरोबर गाडी ओढली, त्याचा माग तिथे आत, अंधारात, त्या केसाएवढ्या तारेवर राहिलेला असतो.

आमचे मिस्त्री आता थकलेत, मुलगा गॅरेज बघतो, पण त्यांच्याकडे मी एकदा एक काम शेवटपर्यंत बसून बघितलं ते विसरणं शक्य नाही. एका अँबॅसेडरच्या टाकीतून काढलेला फ्लोट होता, पितळी, साधारण लहान डबीएवढा, त्या गाडीचा काटा कायम रिकाम्यावर. मिस्त्रींनी तो कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी आणला, आतून बारीक खळखळ. फ्लोटच्या आत पेट्रोल शिरलेलं, म्हणजे तरंगायचं सोडून तो तळाला जाऊन बसलेला. भोक कुठे आहे ते डोळ्याला दिसत नव्हतं, तर त्यांनी बाहेर अंगणात, बंबापासून लांब, एका पातेल्यात कढत पाणी ओतून आणलं आणि फ्लोट चिमट्याने त्यात बुडवून धरला. आतली हवा तापली आणि जोडाच्या एका टोकाला बारीक बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून. तिथे त्यांनी खिळ्याने खूण केली. मग लगेच सोल्डर नाही मारलं, त्या जागी भोक थोडं मोठं करून आतलं सगळं पेट्रोल गाळलं, कढत पाण्याने आतून धुतला आणि कितीतरी दिवस उन्हात तसाच ठेवला, कारण आत वाफ राहिली आणि सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर तो तोंडावर फुटेल. शेवटी टाका मारला तोही अगदी नखाएवढा. म्हणाले, जास्त सोल्डर घातलं की फ्लोट जड, फ्लोट जड की काटा जन्मभर बोटभर खाली. इतका विचार! आणि हे सगळं अशा वस्तूसाठी जी परत टाकीत गेल्यावर कोणाच्याही नजरेला पडणार नाही.

बरं, प्रत्येक वेळी टाकी उघडायची गरज नसते. पुष्कळदा दोष वायरचा असतो, त्यातही अर्थिंगचा. टाकीची बॉडी गाडीच्या पत्र्याला नीट टेकलेली असली तरच ते सर्किट पूर्ण होतं, आणि मधे गंज, रंग, चिखल आला की रेझिस्टन्स वाढतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या युरोपियन वळणाच्या, त्यात रेझिस्टन्स वाढला म्हणजे टाकी रिकामी असा अर्थ असतो, म्हणून अर्थिंग गेलं की काटा खाली. जनरल मोटर्सच्या जुन्या अमेरिकन गाड्यांमध्ये बरोबर उलटं, तिथे ० ओहम म्हणजे रिकामी आणि ९० ओहम म्हणजे फुल्ल, त्यामुळे वायर तुटली की काटा टाकी तुडुंब दाखवतो, आणि हे मला जास्त वाईट वाटतं, कारण खोटा दिलासा खोट्या भीतीपेक्षा महाग पडतो. आपल्याकडच्या गाडीत तपासायची सोपी रीत म्हणजे टाकीवरची सेंडरची, म्हणजे त्या फ्लोटच्या युनिटची, वायर काढायची आणि इग्निशन चालू करून ती क्षणभर पत्र्याला टेकवायची, काटा फुल्लकडे चढला तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीतल्या युनिटमध्ये. पण ठिणगी पडू शकते आणि तिथे पेट्रोलची वाफ असते, त्यामुळे हे जाणकाराच्याच हातून आणि टाकीच्या तोंडापासून दूर करावं, हे कळकळीने सांगते.

१९६० नंतरच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये आणखी एक भानगड. त्यांचे काटे उष्णतेवर चालायचे, मागे दोन धातूंची जोडपट्टी, तिच्यावर तापणारी तार, करंट आला की पट्टी तापून वाकणार आणि काटा ढकलणार. हे काम सावकाश होतं म्हणून किल्ली फिरवल्यावर काटा डुलत डुलत वर येतो, आणि त्या सावकाशपणामुळेच खड्ड्यात पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही, हे मला त्या रचनेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पण बॅटरीचा व्होल्टेज खालीवर झाला तर काटाही होणार, म्हणून मधे एक छोटासा स्टॅबिलायझर, जो चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट देतो. तो अडकला की पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम वर जातात. कोणी सांगितलं की गाडी तापतेय आणि पेट्रोलही संपत नाहीये, तर रेडिएटर उघडायच्या आधी तो डबीएवढा भाग बघा.

घाटात तर काट्याकडे बघूच नये असं बाबांचं म्हणणं. कराडहून चिपळूणला जाताना पाटण, कोयनानगर सोडलं आणि कुंभार्ली उतरायला लागलं की गाडीचं नाक खाली, टाकीतलं पेट्रोल पुढच्या बाजूला गोळा, फ्लोट कुठे बसवलाय त्याप्रमाणे काटा खालीवर. येताना चढावर बरोबर उलटं. मला लहानपणी ते कोडंच वाटायचं की चिपळूणहून निघालो तेव्हा इतकं होतं आणि घाट चढताना वाढलं कसं. बाबा वर पोचून सपाटीवर गाडी आली की मगच काट्याकडे बघायचे आणि तेव्हाही लगेच विश्वास ठेवायचे नाहीत, ट्रिपचे किलोमीटर बघायचे.

घाट आणि पेट्रोल ह्यांचं हे नातं गाडीइतकंच जुनं आहे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला काटाच नव्हता, टाकी सीटखाली, सीट उचलायची, झाकण काढायचं आणि लाकडी पट्टी बुडवून ओल कुठवर आली ते बघायचं. पेट्रोल ओढायला गाडीत पंप नसे, ते उतारानेच इंजिनकडे वाहायचं, त्यामुळे टाकीत थोडंच असेल आणि चढ उभा असेल तर इंजिनपर्यंत पोचायचंच नाही आणि लोक सरळ गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. जर्मनीच्या बीटललाही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता, पायाशी एक खटका होता, इंजिनने गचके दिले की तो फिरवायचा आणि राखीव पेट्रोलवर पंप गाठायचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, जुनी चेतक स्कूटर चालवलेल्या कोणालाही विचारा. सीटखालचा कॉक, ऑन, ऑफ, रिझर्व्ह. चालत्या स्कूटरने मान टाकली की वाकून कॉक रिझर्व्हला, आणि तीही संपली की बाजूला घेऊन स्कूटर आडवी करायची, परत सरळ, मग किक. कानाकोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल तेवढ्याने येतं आणि पंपापर्यंत नेतं. कॉकची पद्धत मला अजूनही काट्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती अंदाज सांगतच नाही, नेमक्या एका क्षणी सांगते की आता इतकंच उरलं.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा तर काटा नुसता शोभेला उरला. त्याच्या जागी स्विचवर चार हिरवे ठिपके आणि एक लाल. तेही प्रेशरवर चालतात आणि सीएनजी भरताना सिलिंडर गरम होतो, गरम गॅसचं प्रेशर जास्त, म्हणून भरल्या भरल्या चारही ठिपके लागतात आणि थोड्या वेळाने गॅस निवला की एक ठिपका गुपचूप विझतो, गाडी जागची हललेली नसतानाही. टॅक्सीवाले त्या ठिपक्यांकडे बघायचेच नाहीत, त्यांचा सगळा हिशोब किलोमीटरवर, सकाळी भरला, इतके झाले, आता रांगेत लागायचं. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. तिच्या बातम्यांत लोक टपाचा रंग, डिकी, मीटर ह्यांच्या आठवणी काढत होते. मला मात्र वाटत राहिलं की त्या चालकांनी आपापल्या गाडीबद्दल जे जे डोक्यात साठवलं होतं ते कुठे लिहून ठेवलं गेलं का.

नव्या गाड्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यात कॉम्प्युटर टाकीचा आकार ओळखून हिशोब करतो, हिंदकळणं काढून टाकतो, आणि समोर इतके किलोमीटर जाईल असा आकडा लिहितो. रात्री एकटीने एक्सप्रेसवेवर गाडी चालवताना त्या आकड्याचा केवढा आधार वाटतो ते मला माहितीये. पण तो आकडाही मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेला असतो, हायवेवर वाढतो, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये आटतो, आणि खाली तोच जुना फ्लोट असतो. शिवाय आजच्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला आणि त्यानेच थंड राहणारा, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत ताणणं नव्या गाडीला जास्त बाधतं. जुन्या गाडीत तसं झालं तर इंजिनवरचा पंप हाताने मारून परत सुरू करता यायचं.

म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना माझं एकच मागणं, एकदा काटा मोजून घ्या. मी मिस्त्रींच्या मुलाकडून टाकी पूर्ण रिकामी करून घेतली, गाडी सपाट फरशीवर उभी केली, आणि मापाने एकेक लिटर ओतत गेले, दरवेळी काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि कागदावर खूण करायची. कंटाळवाणं काम आहे आणि मोकळ्या हवेतच करायचं. त्यातून कळलं की आमच्या गाडीत काटा अर्ध्यावर असतो तेव्हा टाकीत जेमतेम तिसरा हिस्सा असतो, बाबांचा नियम किती चपखल होता ते तेव्हा लिटरमध्ये दिसलं. पंपाच्या मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवणं बंधनकारक असतं, मागून बघा, पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचाच फरक चालतो. आणि पंपवाले स्वतः जमिनीखालच्या टाकीत रोज डिप रॉड बुडवून तक्त्यावरून लिटर काढतात, सेन्सर असला तरी. मॉडेल टीचीच पट्टी ती.

तो कागद मी दोन प्रतींत केलाय, एक ग्लोव्ह बॉक्समध्ये, एक आरसी बुकात. पुढेमागे गाडी कोणाच्या हाती गेली तर त्याला मिळेल. फक्त आता तो जुना व्हायला आलाय, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यापासून जुन्या रबराची आणि टाकीतल्या गंजाची मला धास्ती आहे. इथेनॉल पाणी ओढतं, आणि खूप जुन्या गाड्यांमध्ये लाखेचा लेप दिलेले बुचाचे, म्हणजे कॉर्कचे, फ्लोट असायचे, त्यांची लाख तर अल्कोहोलमध्ये विरघळतेच. आमचा फ्लोट तसला नाही, पण टाकी उतरवून आतून साफ करायची आणि होस, गॅस्केट नवे टाकायचे ठरलंय, दिवाळीच्या आधी. त्याच वेळी सेंडरही बदलेन, आणि मग काट्याची सवय बदलणार, परत एकेक लिटर ओतून नवा कागद करावा लागेल.